मालकमपेठ आणि तेथील क्लब

हिंगोलीस राहणाऱ्या माणसानें महाबळेश्वरच्या क्लबाविषयीं लिहावयास बसावें, हें वाचकांस थोडें विचित्र वाटेल. आमच्या गांवास ना उंच डोंगर, ना थंड हवा. वैशाखांत कयाधूचें पात्र कोरडें पडतें आणि दुपारीं रस्त्यावर कुत्रेंही फिरकत नाहीं. गॉल्फ हा शब्द येथें वर्तमानपत्रांतच भेटावयाचा. परंतु ज्या लोकांनीं सह्याद्रीच्या माथ्यावर बंगले बांधले आणि त्यांच्या मधोमध क्लब थाटला, ते आरंभापासून डोंगरावर राहणारे नव्हते. ते आमच्यासारख्या सपाटीवरील गांवांच्या छावण्यांतून वर गेले. म्हणून डोंगरावरील वस्तीची कथा सांगतांना पायथ्यापासून निघालेलें बरें.

हिंगोली ही १८१९ पासून १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ही फौज निजामाच्या पैशानें पोसलेली, परंतु इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालची. तिचा खर्च निजामास पेलेना. बाकी वाढत गेली आणि अखेर १८५३ सालच्या तहानें वऱ्हाड प्रांत त्या खर्चापायीं इंग्रजांच्या हवालीं करावा लागला. असल्या छावणींत साहेबांचे बंगले एकीकडे, पलटणीच्या बराकी दुसरीकडे आणि सदर बाजार तिसरीकडे, अशी आखीव रचना असे. सीमेचे दगड रोंवलेले असत आणि पहारेकरी उभे असत. आंतला माणूस सुरक्षित, असा सर्वांचा समज असे.

तो समज किती पोकळ होता याचा पुरावा हिंगोलीसच मिळाला. ठगांच्या बंदोबस्ताचें काम १८३० च्या आसपास या भागांत सुरू झालें, तेव्हां छावणीच्या बाजारांतील हरिसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित कापडवाला ठगांचा म्होरक्या निघाला. मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरींतील अंमलदार. त्यानें १८३९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेंत ही हकीकत दिली आहे. टेलरनें स्वतः त्या हरिसिंगाशीं व्यवहार केला होता. मुंबईहून माल आणण्यासाठीं हरिसिंगानें साहेबाकडूनच परवाना घेतला, वाटेंत मालाच्या खऱ्या धन्यास व त्याच्या माणसांस ठार केलें आणि तेंच कापड छावणींत उघडपणें विकलें. पहाऱ्याच्या रांगेपासून हांकेच्या अंतरावर प्रेतें पुरलेलीं होतीं. तीं उकरतांना टेलर तेथें हजर होता. आपल्या कुंपणापलीकडे काय चाललें आहे हें कुंपणाच्या आंतल्यांस ठाऊक नसणें, ही छावणीची सवय. डोंगरावर जातांना साहेब लोक ती सवय आपल्याबरोबर घेऊन गेले असें मला वाटतें.

ते वर गेले त्याचें पहिलें कारण मात्र अगदीं साधें होतें. तें म्हणजे प्रकृति. पटकी, हिवताप आणि यकृताचे विकार यांनीं गोरे शिपाई लढाईपेक्षां अधिक मरत. आजारी अंमलदारास विलायतेस पाठवावयाचें तर महिनोन् महिने गलबतावर जात. जवळच कोठें विलायतेसारखी हवा मिळाली तर माणूसही वांचेल आणि खर्चही वांचेल, हा विचार १८२० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानभर एकाच वेळीं अनेकांच्या मनांत घोळत होता. याच हैदराबादच्या फौजेंतील कॅप्टन रॉबिन्सन यानें १८२३ सालीं गाविलगड किल्ल्याशेजारचें चिखलदऱ्याचें पठार ‘शोधून काढलें’ असें म्हणतात. गाविलगडचे किल्लेदार, मेळघाटचे कोरकू आणि गवळी शेंकडों वर्षें ज्या पठारावर वावरत होते, तें १८२३ सालीं शोधलें जातें! पण शोधणें या शब्दाचा अर्थ त्या काळीं असाच होता.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८२४ सालीं, साताऱ्याच्या फौजेवरील लॉडविक नांवाचा अंमलदार महाबळेश्वरच्या डोंगरावर चढला. त्यानें या हवेची वाखाणणी मुंबईच्या वर्तमानपत्रांतून केली. हेच पुढें जनरल सर पीटर लॉडविक झाले आणि १८७३ सालीं वयाच्या नव्वदीनंतर वारले. त्यांच्या नांवाचें टोक व त्यावरील स्तंभ आजही आहे. यांनाही शोधकाचा मान मिळाला. वास्तविक कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचा उगम म्हणून क्षेत्र महाबळेश्वर महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक होतें. १६६५ सालीं शिवाजीमहाराजांनीं मातोश्री जिजाबाईंची आणि सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला येथेंच केली. जावळी आणि प्रतापगड तर त्या माथ्यावरून समोर दिसतात. लॉडविकनें नवें पाहिलें तें एवढेंच कीं, देवासाठीं चढावयाच्या डोंगरावर हवेसाठींही चढतां येतें. हें नवेपण लहान नव्हे, हेंही मान्य केलें पाहिजे.

यानंतरची हकीकत माझ्या मतें या वस्तीच्या इतिहासांत सर्वांत मनोरंजक आहे, आणि सहलीच्या पुस्तकांत ती दोन ओळींत उरकलेली असते. तो डोंगर इंग्रजांचा नव्हता. तो साताऱ्याच्या राजाचा होता. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं छत्रपति प्रतापसिंहांस गादीवर बसविलें होतें. हा राजा विद्याव्यासंगी, कामसू आणि नवीन गोष्टींचा हौशी. साताऱ्याचे रेसिडेंट ब्रिग्ज यांनीं रस्त्याची गोष्ट काढतांच त्यानें डोंगरावर जाणारा रस्ता आपल्या खर्चानें करून दिला. १८२८ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन मालकम स्वतः वर आले, गोऱ्या शिपायांसाठीं आरोग्यगृह काढलें आणि १८२९ सालीं राजाशीं अदलाबदलीचा करार केला. राजानें डोंगरमाथ्यावरील मुलूख दिला. इंग्रजांनीं त्याच्या बदल्यांत वाई भागांतील खंडाळा हें गांव दिलें. नव्या वस्तीस राजानेंच मालकमपेठ हें नांव दिलें असें सांगतात.

ही लूट नव्हती. कोणीं कोणास धमकावलें असें कागदांत दिसत नाहीं. राजा खुषीनें देत होता आणि मालकम गोड बोलून घेत होता. मालकमचा देशी राजांविषयींचा आदर खोटा होता असेंही म्हणवत नाहीं. तरी एका बाजूस सार्वभौम कंपनी आणि दुसऱ्या बाजूस तिनेंच बसविलेला राजा असतां, खुषी या शब्दाचें वजन किती धरावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. या अदलाबदलीस सुमारें सात वर्षें झालीं तों प्रतापसिंहांवर कंपनीविरुद्ध कारस्थान केल्याचा आरोप आला. १८३६ सालीं जें गुप्त चौकशीमंडळ बसलें त्यांत विलोबी व ओव्हान्स यांच्याबरोबर तिसरे गृहस्थ होते साताऱ्याचे तत्कालीन रेसिडेंट लॉडविक! ज्याच्या डोंगराची हवा वाखाणून नांव मिळविलें, त्याच्याच चौकशीस बसण्याची पाळी त्यांच्यावर आली. १८३९ सालीं राजा पदच्युत झाला, काशीस रवाना झाला आणि १८४७ सालीं तेथेंच वारला. रंगो बापूजींनीं त्याच्या बाजूनें लंडनला वर्षानुवर्षें खेटे घातले. उपयोग झाला नाहीं. भाऊ आप्पासाहेब गादीवर आले. त्यांनीं १८४२ सालीं वेण्णेचें पाणी अडवून तळें बांधलें, जें आजही वस्तीची शोभा आहे. तेही १८४८ सालीं निपुत्रिक वारले आणि राज्य खालसा झालें. मालकमपेठेचे बंगले मात्र वाढत होते.

ही वस्ती कोणाच्या हातांनीं उभी राहिली? येथें एक विलक्षण टोळी वाचकांपुढें येते. सिंगापूर-मलाक्काकडून शिक्षा होऊन आलेले शंभरांवर चिनी व मलायी कैदी मालकमपेठेच्या तुरुंगांत ठेवलेले होते. रस्त्यांच्या कामीं त्यांस लावीत. तुरुंगाच्या बागेंत त्यांनीं बटाटे व विलायती भाज्या इतक्या उत्तम पिकविल्या कीं, पुढें महाबळेश्वरचा बटाटा मुंबईच्या बाजारांत नांवाजला गेला. वेताच्या व बांबूच्या टोपल्या विणण्याचें कसबही त्यांनीं येथें रुजविलें. १८६४ सालीं तुरुंग मोडला. स्वदेशापासून हजारों मैलांवर, समजूं न शकणाऱ्या भाषेच्या मुलखांत, परक्या साहेबाच्या जेवणासाठीं बटाटे लावणाऱ्या त्या माणसांचें एखादें स्मारक असावें असें कोणास वाटलें नाहीं. स्मारक आहे तें सर सिडनी बेकविथ यांचें. १८३१ च्या जानेवारींत मुंबईचे हंगामी गव्हर्नर असतां ते या आरोग्यस्थानींच वारले.

डोंगराचे मूळ रहिवासी कोळी, धनगर, कुणबी आणि धावड. धावड हे जांभ्या खडकांतील लोखंड कोळशाच्या भट्टींत गाळीत. धनगर व कुणबी रान तोडून, जाळून, राखेंत नाचणी व वरी पेरीत. या शेतीस कुमरी म्हणतात. इंग्रज आले आणि वस्तीस सावली पाहिजे, झऱ्यांस पाणी पाहिजे, देखावा अभंग पाहिजे, म्हणून कुमरीस बंदी झाली आणि धावडांच्या भट्ट्याही विझल्या. यामुळें रान वांचलें हें खरें; आज आपण ज्या गर्द छायेंतून फिरतों ती छाया त्या बंदीची देणगी आहे. परंतु त्या छायेची किंमत ज्यांनीं भरली ते मालकमपेठेच्या बाजारांत हमाली करूं लागले, डोल्या वाहूं लागले, मध आणि लांकूडफांटा विकूं लागले. जंगल राखणें चांगलें कीं वाईट हा प्रश्न येथें नाहीं. कोणाच्या पोटास चिमटा घेऊन तें राखलें गेलें हें इतिहासकारानें लिहावयास हवें, एवढेंच.

बंगल्यांची रचना पाहण्यासारखी होती. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर, जांभ्या दगडाच्या भिंती, उतरतीं छपरें, रुंद व्हरांडे आणि एकेका बंगल्यास दोन-चार एकरांचें आवार. शेजाऱ्याचें घर दिसूं नये इतकें अंतर आणि भेटीस जातां यावें इतकें जवळपण. जमिनी पुष्कळशा सरकारी पट्ट्यानें दिलेल्या. परंतु ही वस्ती कायमची नव्हती आणि होऊंही शकत नव्हती. येथें पाऊस वर्षाकांठीं सरासरीनें दोनशें इंचांहून अधिक पडतो. हिंगोलीस जेवढा पांच-सहा वर्षांत पडत असेल तेवढा येथें एका पावसाळ्यांत! जांभा दगड पाणी पितो, म्हणून मृगाच्या आधीं भिंतींस गवताचीं झडपें बांधीत. बंगले जणू घोंगडी पांघरून बसत. जूनच्या मध्यावर साहेब, मडमा, त्यांचे बबर्ची आणि बाजारांतील निम्मे दुकानदार घाट उतरून जात. वर राहत ते डोंगरचे लोक आणि माळी. ऑक्टोबरांत गवत उतरे आणि खिडक्या पुन्हां उघडत. ज्यांस बारमाही राहावयाचें त्यांनीं थोडें खालीं, पूर्वेस, कमी पावसाच्या पांचगणीस घर केलें. जॉन चेसन यांनीं ती वस्ती वाढविली, विलायती झाडें लावलीं, आणि पुढें तेथें शाळा निघाल्या.

मुंबईचें सरकार उन्हाळ्यांत महाबळेश्वरीं येऊं लागल्यावर आरोग्यगृहाचें नांव मागें पडलें आणि हंगाम हा नवा शब्द आला. गव्हर्नर, त्यांचे सल्लागार, सेनापति, चिटणीस आणि त्यांच्या भेटीसाठीं तिष्ठणारे संस्थानिक व शेठसावकार यांनीं पेठ गजबजून जाई. १८४२ सालीं ख्रिस्तमंदिर झालेंच होतें. १८६४ सालीं गव्हर्नर फ्रीअर यांच्या नांवानें सभागृह उठलें, तेथें ग्रंथालय व नाट्यप्रयोगांची सोय झाली. १८७० नंतरच्या दशकांत महाडकडून फिट्झजेराल्ड घाट चढून येऊं लागला, तेव्हां कोंकणची वाटही गाडीची झाली. आणि १८८१ सालीं या सर्वांवर कळस म्हणून महाबळेश्वर क्लब स्थापन झाला.

क्लब या शब्दास मराठींत नेमका प्रतिशब्द नाहीं. मंडळ म्हणावें तर त्यांत कांहीं कार्य अभिप्रेत असतें. अड्डा म्हणावें तर बेशिस्त वाटते. क्लब म्हणजे ज्यांत कोणास घ्यावयाचें यापेक्षां कोणास घ्यावयाचें नाहीं हें अधिक काळजीनें ठरविलेलें असतें असें घर. मुंबईचा भायखळा क्लब १८३३ चा. त्याच्या दारांतून हिंदी मनुष्य शिरे तो चाकर म्हणूनच. डोंगरावरच्या वस्तीस तर क्लबाची गरज अधिक होती. दोन महिन्यांपुरते एकत्र जमलेल्या, एरवीं कोणी कारवारास तर कोणी धुळ्यास एकटा पडलेल्या अंमलदारास आपलीं माणसें भेटण्याची ती जागा होती. पत्ते, बिलियर्ड, टेनिस, नाच, उपवर मुलींचीं लग्नें जुळणें, बढत्यांच्या कानगोष्टी, सर्व तेथेंच. एकटेपणानें गांजलेल्या परमुलखांतील माणसांची ही भूक समजण्यासारखी आहे, आणि तिला हंसण्याचें कारण नाहीं.

क्लबाला जोडून गॉल्फचें मैदान आलें, नऊ खळग्यांचें. हा खेळ मूळ स्कॉटलंडचा. सेंट अँड्र्यूज येथें १७६४ सालीं बावीसाचे अठरा खळगे केले, तीच संख्या पुढें जगभर चालू झाली. जागा कमी असेल तेथें नऊच पाडून दोन फेऱ्या करतात. मुलें गोट्या खेळतांना पाडतात तसलाच खळगा, सव्वाचार इंच रुंदीचा. आणि त्यांत दूरवरून काठीनें टोलवीत लहानसा चेंडू कमींत कमी टोल्यांत घालावयाचा. वर्णन करतांना पोरकट वाटणारा हा खेळ विलायतेबाहेर प्रथम आपल्याकडेच रुजला. कलकत्त्याचा गॉल्फ क्लब १८२९ चा आणि मुंबईचा १८४२ चा. मालकम स्वतः स्कॉच. ज्या सालीं त्यांनीं डोंगराची अदलाबदल केली त्याच सालीं कलकत्त्यास या खेळाचा क्लब निघाला, हा निव्वळ योगायोग, पण गमतीचा. पुढें थंड हवेच्या बहुतेक ठिकाणीं गॉल्फ पोंचला. लॉर्ड कर्झन यांस सिमल्यापलीकडील नालदेऱ्याचें मैदान इतकें आवडलें कीं, १९०४ सालीं जन्मलेल्या मुलीच्या नांवांत त्यांनीं तें नांव गुंफलें.

डोंगरास हा खेळ मानवतो याचें कारण मला असें दिसतें कीं, त्यास लागते ती केवळ जागा नव्हे, तर रिकामी जागा. टेनिसला एक अंगण पुरतें. गॉल्फला नांगर लागलेला नाहीं, गुरें चरत नाहींत आणि कोणी आडवें येत नाहीं असें रान पाहिजे. कुमरी बंद झालेल्या डोंगरावर तसें रान तयारच होतें. शिवाय त्या रानांत काठ्यांचा भाता वाहणारीं आणि झुडुपांत गेलेला चेंडू धुंडाळणारीं मुलें लागतात. गॉल्फचें मैदान हिंदुस्थानांत कोठेंही असो, तीं मुलें भोंवतालच्या वाड्यांतून येत. चेंडू कोठें पडेल, वारा कोठून येईल, उतार कोणीकडे आहे, हें साहेबापेक्षां त्यांस अधिक ठाऊक. आपल्याकडील कित्येक नामांकित खेळाडू पुढें याच मुलांतून निघाले.

हिंदी श्रीमंतांनीं महाबळेश्वरास बंगले घेतले ते बरेच आधीं. पारशी, भाटिये, गुजराथी व्यापारी आणि संस्थानिक यांचीं घरें साहेबांच्या घरांशेजारीं उभीं राहिलीं. घर शेजारीं, पण क्लब शेजारीं नाहीं, अशी ही अवघडलेली अवस्था सगळ्या इलाख्यांत होती. तिचा बोभाटा होऊन मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनीं १९१७ सालीं मुंबईस आपल्या नांवाचा खेळांचा क्लब काढला. तेथें गॉल्फचें मैदान होतें, आणि हिंदी व युरोपियन दोघांसही सभासद होतां येत होतें. गव्हर्नरासारख्या माणसास जुन्या दारांचीं कुलुपें उघडण्यापेक्षां नवें घर बांधणें सोपें वाटावें, यांत त्या काळचें बरेंच कांहीं आलें. त्याच सुमारास, १९१६ सालीं, दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं महाबळेश्वरावर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. साताऱ्याच्या दप्तरांत मुरलेल्या या इतिहासभक्तानें साहेबांच्या आवडत्या डोंगराचा वृत्तांत साहेबांच्याच भाषेंत त्यांच्यापुढें ठेवला.

१९४५ च्या उन्हाळ्यांत तुरुंगवासानंतरची विश्रांति घेण्यास महात्मा गांधी मोरारजी यांच्या बंगल्यांत येऊन राहिले. ज्या पेठेंत मुंबईचें सरकार हंगामास येई, त्याच पेठेंत सायंकाळीं प्रार्थनेस लोक जमूं लागले. दोन वर्षांनीं राज्य गेलें. गव्हर्नरांचें निवासस्थान राजभवन झालें, बंगले हस्तांतरित झाले, कित्येकांचीं हॉटेलें झालीं. क्लब चालू राहिला, सभासद बदलले. नऊ खळग्यांचें मैदान राहिलें. २००१ सालीं केंद्र सरकारनें महाबळेश्वर-पांचगणीचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि बांधकामांवर निर्बंध आले. कुमरीबंदीची आठवण व्हावी असाच हा हुकूम. फरक इतकाच कीं, आतां त्याचा जाच हॉटेलवाल्यांस होतो आणि त्यांचा आवाज मुंबईपर्यंत ऐकूं जातो.

लॉडविक, एल्फिन्स्टन, आर्थर, केट यांच्या नांवांचीं टोंकें अद्याप तींच नांवें मिरवीत आहेत. ज्यानें डोंगर दिला त्या प्रतापसिंहाचें नांव मात्र फिरावयास आलेल्या माणसाच्या कानांवर क्वचितच पडतें. पुण्याहून मोटारीनें महाबळेश्वरास निघालें म्हणजे शिरवळ मागें टाकून खंबाटकी घाटाच्या पायथ्याशीं एक गांव लागतें. आतां तें तालुक्याचें ठाणें आहे, आणि लोणावळ्याजवळच्या प्रसिद्ध नांवबंधूमुळें त्याची नेहमीं गल्लत होते. हेंच तें मालकमसाहेबांनीं राजास दिलेलें खंडाळा. गाड्या तेथें सहसा थांबत नाहींत. घाट चढून वाईकडे वळतात.